उपकारस्तुती रोजच्या जगण्यात: नेमकं करायचं काय, आणि अडतं कुठे

चिंचेचं_झाड

सर्वांना सलाम.

साक्षीसाठी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं हे चारचौघांत सांगण्यासाठी, वेगळा धागा आहे, तिथे भरपूर लिहा. इथे फक्त पद्धतीबद्दल बोलू. उपकार मानायचे ते कसे, कधी, किती वेळ आणि महिन्याभरात ते बंद का पडतं, एवढंच.

माझं म्हणणं आधीच सांगते. उपकारस्तुती, म्हणजे देवाचे उपकार मानणं, मनाच्या लहरीवर सोडली की ती पगाराच्या दिवशी होते आणि एरवी राहून जाते. तिला ठरलेली वेळ लागते, ठरलेला आकार लागतो. आणि देवापाशी सुरू झालेली ही गोष्ट माणसापर्यंत पोहोचली नाही तर ती अर्धी राहिली असं मी समजते.

सुरुवातीला शंभर पानी वही पुरे. ॲप नको, कारण लिहायला फोन उचलला की आधी व्हॉट्सॲप उघडतं. पानावर तीन रकाने आखा: काय मिळालं, कोणाच्या हातून मिळालं, त्याबद्दल मी काय करणार. रोज तीन नोंदी, जास्त नकोत. वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधा, म्हणजे ओटा पुसून झाल्यावर किंवा दाराची कडी लावल्यावर. ‘रात्री निवांत झाल्यावर’ असं ठरवलं की संपलं.

पहिल्या रकान्याची कसोटी सोपी आहे: ही नोंद काल लिहिता आली असती का? आली असती तर खोडा. ‘आरोग्य, कुटुंब, नोकरी’ हे तिघे पहिल्याच दिवशी येतात आणि मग रोज हजेरी लावतात. त्याऐवजी ‘नळाला सहाऐवजी साडेपाचलाच पाणी आलं, डबा वेळेत झाला’ असं लिहा. दुसऱ्या रकान्यात मग ‘पाणी सोडणारा वॉलमन’ येतो, ज्याचं नाव आपल्याला बहुधा माहीत नसतं. तिसऱ्या रकान्यात ‘नाव विचारणे’. हा तिसरा रकाना रोज भरायची गरज नाही, आठवड्यातून एकदा भरला तरी चालेल. पण महिनाभर कोराच राहिला तर वही नुसती यादी झाली आहे हे ओळखा.

साधारण तिसऱ्या आठवड्यात सगळं शिळं वाटायला लागतं. मनात जे वरवर तरंगत असतं तेच आपण रोज उचलत असतो, म्हणून असं होतं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक वाराला एक दिशा ठरवून टाकणे. नवी दिशा शोधायचीही गरज नाही. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात नॉर्विचचे बिशप एडवर्ड रेनॉल्ड्स यांनी रचलेली सर्वसाधारण उपकारस्तुती आहे, तिच्यात क्रम तयार आहे: निर्मिती, सांभाळ, या जीवनातले आशीर्वाद, तारण (पापातून सुटका), कृपेची साधनं, गौरवाची आशा. सहा दिशा, सोमवार ते शनिवार. रविवारी मंडळीबरोबर, म्हणजे चर्चमध्ये.

सोमवारी निर्मिती, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं, चाखलेलं, ऐकलेलं काहीतरी. मंगळवारी सांभाळ, म्हणजे जे वाईट घडू शकलं असतं पण घडलं नाही; हा वार सगळ्यात अवघड, कारण न घडलेली गोष्ट दिसत नाही. ती शोधायला एकच प्रश्न विचारावा: आज कोणाचं काम चोख झालं म्हणून मला त्याची आठवणही आली नाही? लिफ्टवाला, लोको पायलट, रक्त तपासणारी लॅबमधली मुलगी. बुधवार सोपा आहे. गुरुवारी तारण, तेव्हा यादीपेक्षा शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचून त्यावर थांबा. शुक्रवारी कृपेची साधनं: वचन, प्रभुभोजन, प्रार्थना करणारी माणसं, आणि हो, शब्बाथ शाळेच्या बाईसुद्धा. शनिवारी आशा, म्हणजे जे अजून मिळालेलं नाही त्याबद्दल.

वसईवाला

जय ख्रिस्त. ताईंच्या वहीला कॅथलिक बाजूने एक जोड देतो.

जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याच्या साधनेत रात्रीची विवेकबुद्धीची तपासणी पाच टप्प्यांची आहे. त्याच्या साधनेच्या पुस्तकात ती ४३ व्या परिच्छेदात येते. पहिला टप्पा पापांचा नाही, मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानण्याचा आहे. मग आपली पापं ओळखण्यासाठी कृपा मागायची, उठल्यापासून आत्तापर्यंतचा दिवस तासातासाने तपासायचा, क्षमा मागायची आणि शेवटी सुधारण्याचा निश्चय.

वेळेची वाटणी अशी ठेवा: आभार ३ मिनिटं, कृपेची मागणी १, दिवसाचा आढावा ५, क्षमा २, उद्याचा निश्चय १. बारा मिनिटांत आटोपतं. त्याहून लांबवलं तर झोप जिंकते.

चूक होते ती क्रमात. बहुतेक जण पहिला टप्पा ‘हो हो, आभार’ म्हणून उरकतात आणि थेट ‘आज मी किती चिडलो’ यावर येतात. मग तपासणी म्हणजे स्वतःला झोडपणं होतं आणि दोन आठवड्यांत माणूस ती टाळायला लागतो. आभार आधी आहेत त्याला कारण आहे. काय मिळालं होतं हे डोळ्यांपुढे असेल तरच आपण ते कुठे वाया घालवलं हे दिसतं. १५४२ च्या एका पत्रात इग्नेशियसने कृतघ्नता हे सगळ्या पापांचं मूळ आहे असं लिहिलं आहे, ते याच अर्थाने घ्यायचं.

रात्रपाळी

‘रात्री’ म्हणताय, पण हॉस्पिटलमध्ये फिरती ड्यूटी असलेल्यांनी काय करायचं? सकाळी आठला घरी पोचल्यावर वही काय, जेवणसुद्धा नको असतं.

वसईवाला

दिवस घड्याळाने मोजू नका, ड्यूटीने मोजा. हँडओव्हर दिला की दिवस संपला. आढावा घरी नको, बसमध्ये किंवा लोकलमध्ये घ्या. वही नको, बोटांच्या पेरांवर करा. एका बोटाला तीन पेरं: काय मिळालं, कोणाकडून, त्याचं काय करू. तीन बोटं झाली की तीन नोंदी झाल्या. डोळे मिटले तर स्टेशन चुकेल, तेव्हा उघड्या डोळ्यांनीच. सुट्टीच्या दिवशी हवं तर एखादी नोंद वहीत उतरवा. आणि ड्यूटी फार वाईट गेली असेल, पेशंट गेला असेल, तर त्या दिवशी तीन नोंदींचा हट्ट नको. एक पुरे. तीही जमली नाही तर ‘प्रभू, दया कर’ एवढं म्हणून झोपा.

शंकासूर

विषय चांगला आहे, पण दोन शंका.

पहिली शंका. हे सगळं आता मानसशास्त्रवालेही सांगतात. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा २००३ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यातल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या आणि कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना बरं वाटलं. मग ख्रिस्ती उपकारस्तुतीत वेगळं काय? चांगलं वाटावं म्हणूनच करायचं तर देव मध्ये कशाला?

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. मंडळीत दुःखी माणसाला ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन फेकून मारतात. तरुण मुलगा गेलेल्या घरात हे वाक्य ऐकू येतं. ही कसली उपकारस्तुती?

डोंगरवाट

दुसरीचं उत्तर आधी, कारण पहिली थांबू शकते.

योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय उघडा. लाजराच्या कबरेपाशी येशू ३५ व्या वचनात रडतो. ४१ व्या वचनात तो वर पाहून म्हणतो, बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे उपकार मानतो. आधी रडणं, मग उपकार. आणि ते उपकार तो स्वतः मानतो. मार्था आणि मरिया यांना ‘तुम्ही माना’ असं सांगत नाही. त्या दोघींनी त्याला तोंडावर सुनावलं होतं, ‘आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता’. त्याबद्दल त्यांना एक शब्दही बोल लावलेला नाही.

बायबलमधल्या स्तोत्रांतही हेच. १३ वं स्तोत्र सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो आणि स्तुती येते ती थेट शेवटी. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीचा एक शब्द नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्याला आज ८८ वं म्हणावंसं वाटतं त्याच्या हातात स्तुतीचं १०३ वं कोंबू नये.

व्यवहारात काय करायचं ते सांगतो. दुःखाच्या घरी गेल्यावर पहिले काही आठवडे आभाराचा विषय आपण काढायचा नाही. त्यांनी काढला तर ऐकायचं. प्रार्थना करायला सांगितली तर गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, त्या माणसाबद्दल देवाचे उपकार मानता येतात, कारण त्याचं आयुष्य हे देणंच होतं. त्याच्या जाण्याबद्दल मात्र आभार मानू नयेत. एवढा फरक सांभाळला तरी पुष्कळ. ‘देवाला चांगली फुलं आवडतात’ छापाची वाक्यं घरी ठेवून जा.

घरच्यांपैकी कोणी आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, जगणं नको म्हणत असेल, तर ते उपकारस्तुती कमी पडल्यामुळे होत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, डॉक्टरांकडे सोबत जा. प्रार्थना चालू ठेवाच, पण गोळ्यांच्या जागी प्रार्थना असा सौदा करू नका.

आता पहिली शंका. यादी करून बरं वाटतं हे खरं असेल तर उत्तमच, त्यात ख्रिस्ती माणसाने नाराज व्हायचं कारण नाही. पण त्या अभ्यासातली यादी कोणाला उद्देशून नसली तरी चालते. आपली उपकारस्तुती कोणापुढे तरी मांडलेली असते, म्हणून ती बरं वाटत नसतानाही करता येते. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, २७ वा अध्याय. प्रेषित पौल कैदी म्हणून तारवातून रोमला चाललाय. चौदावी रात्र, वादळ, पाण्याची खोली मोजली तर वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), पुढे पंधरा वाव, खडकांच्या भीतीने चार नांगर टाकलेले. पहाटे पौल सगळ्यांदेखत भाकर घेऊन देवाचे उपकार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. तारवात २७६ माणसं आहेत, वादळ थांबलेलं नाही, पुढे तारू फुटतंच. आणि बघा, त्याच माणसाने आधी शताधिपतीला (रोमी सैन्याधिकाऱ्याला) सांगितलंय की खलाशांना होडीतून पळू देऊ नका, आणि लोकांना सांगितलंय की खा, अंगात ताकद लागेल. उपकारस्तुती आणि डोकं ठिकाणावर ठेवणं दोन्ही एकाच वेळी चाललंय.

जास्वंद

डोंगरवाट, याला जोडून एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. नवरा मारतो, सासरी छळ होतो, अशा बाईला ‘जे आहे त्याबद्दल आभार मान, देव बदल घडवेल’ असा सल्ला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडूनच मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे, त्यात ‘पण’ नाही. मार सहन करणं ही उपकारस्तुती नाही. महिला हेल्पलाइन १८१, तातडीचं असेल तर ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. महिला मंडळाच्या अध्यक्षांनी हे नंबर चर्चच्या सूचनाफलकावर लावावेत.

दुसरं, तुलनेतून मानलेले आभार. ‘बघ, त्या मुलांना तेवढंही मिळत नाही, तू जेव’ हे आपण पोरांना सर्रास सांगतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, नेमकं हेच करतो: देवा, मी इतरांसारखा नाही, त्या जकातदारासारखाही नाही, म्हणून तुझे आभार मानतो. त्याची प्रार्थना आभारानेच सुरू होते हे आपण विसरतो! दुसऱ्याच्या कमीपणावर उभं असलेलं वाक्य वहीत आलं तर खोडायचं. ‘आमच्या इमारतीत पाणी शिरलं नाही’ असं लिहायचं तर तिसऱ्या रकान्यात ‘ज्यांच्याकडे शिरलं त्यांच्याकडे आज जाणार’ हे हवं.

पाखरू

मुलांबद्दल विचारायचं होतं. बरणीत चिठ्ठ्या टाकायची पद्धत बऱ्याच घरांत सुरू होते आणि बंद पडते. पाच आणि नऊ वर्षांची मुलं असतील तर कसं करावं?

जास्वंद

बरणी बंद पडायची कारणं ठरलेली असतात. रोज सक्ती केली की मूल एकच चिठ्ठी पुन्हा लिहितं. मोठ्यांनी त्यांची चिठ्ठी मोठ्याने वाचून ‘किती गोड’ म्हटलं की ते आपल्याला खूश करायला लिहायला लागतं. आणि आई-बाप स्वतः टाकत नाहीत, हे तर मुलं पहिल्याच आठवड्यात हेरतात.

असं करून पाहा. आठवड्यातून एकच दिवस, शनिवारी रात्री. पाच वर्षांच्याने चित्र काढायचं, त्याखाली आपण काही लिहायचं नाही. नऊ वर्षांच्याने दोन ओळी: काय, आणि कोणी केलं. आई-बाबांची चिठ्ठी सगळ्यांच्या आधी आत जायला हवी. घडी घालून टाकायची, वाचायची नाही. ३१ डिसेंबरला वर्षअखेरच्या उपासनेला निघण्याआधी बरणी उघडायची आणि प्रत्येकाने दुसऱ्याची चिठ्ठी वाचायची. ‘या आठवड्यात काहीच नाही’ अशी चिठ्ठीही चालते, हे मुलांना आधी सांगून ठेवा. खोटं लिहायची सवय लागण्यापेक्षा ते बरं.

जेवणाची प्रार्थना मुलांकडे द्या, पण पाठ केलेली प्रार्थना काढून घेऊ नका. पाठ प्रार्थना अधिक ताटातल्या एका पदार्थाचं नाव आणि तो कोणी केला त्याचं नाव, एवढंच वाढवा. अर्ध्या मिनिटाच्या आत ‘आमेन’. आजोबांनी त्याच प्रार्थनेत मिशन, मंडळी आणि अख्खा देश उरकायला घेतला तर भाकरी गार होते आणि मुलं डोळे उघडून एकमेकांना हसतात. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात, ८:१० मध्ये, खाऊन तृप्त झाल्यावर देवाचा धन्यवाद करायला सांगितलंय. तेव्हा लांब प्रार्थना करायचीच असेल तर ती जेवणानंतर करावी, कोणाची हरकत नसेल.

चिंचेचं_झाड

घरातल्या माणसांचे आभार मानण्याबद्दल थोडं. आपल्याकडे आईला ‘धन्यवाद’ म्हटलं तर ती विचारते, ‘बरं आहे ना तुला?’ घरात हा शब्द परका वाटतो, त्यात काही गैर नाही. शब्दाचा आग्रह धरू नका, कामाचं नाव घ्या. ‘आज डाळीला फोडणी मस्त बसली’, ‘बाबा, तुम्ही लाइट बिल भरलंत म्हणून माझी रांग वाचली’. यात उपकार पोहोचतात आणि अवघडलेपणही येत नाही. घरकाम करणाऱ्या ताई, वॉचमन, कचरा नेणारे दादा यांना मात्र शब्दानेही म्हणा आणि वेळेवर पैशानेही. पगार पाच तारखेऐवजी बारा तारखेला देऊन ‘गॉड ब्लेस यू’ म्हणणं बंद करा.

लूक १७ मधले, येशूने बरे केलेले दहा कुष्ठरोगी यासाठीच वाचावेत. नऊ जणांनी सांगितलेलंच केलं, याजकांकडे गेले, नियमाप्रमाणे. चूक शोधायला गेलं तर सापडत नाही. जो शोमरोनी, म्हणजे यहूद्यांना परका वाटणारा, परत आला त्याने तीन गोष्टी केल्या: आपण बरे झालो हे पाहिलं, वळला, आणि जाऊन पायांशी पडला. पाहणं वहीत होतं. वळून जाणं वहीत होत नाही, त्यासाठी आठवड्यातून एक फोन किंवा एक फेरी ठरवायला लागते.

सदाफुली

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडला. आमच्याकडेही जेवणाआधी श्लोक म्हणतात, त्यामुळे भाव ओळखीचा आहे. एक व्यावहारिक प्रश्न: ऑफिसात सोबत जेवणारी मैत्रीण डबा उघडून डोळे मिटते. तेव्हा आपण काय करायचं? खात राहिलं तर तिला वाईट वाटेल का?

डोंगरवाट

काहीच करायची गरज नाही. खायला सुरुवात केली नसेल तर क्षणभर थांबा, केली असेल तर घास चावत राहा. ‘झालं का?’ एवढं मात्र विचारू नका. आणि आमच्या लोकांसाठी: ऑफिसात प्रार्थना मनात, दहा सेकंदांत. मोठ्याने केलेल्या प्रार्थनेमुळे समोरच्याला चमचा हातात धरून बसावं लागत असेल तर त्यात त्याचा विचार राहिला नाही.

साक्षीबद्दलही इथेच लिहितो, कारण उपकारस्तुतीची सगळ्यात जास्त नासाडी तिथे होते. नमुना म्हणून १०७ वं स्तोत्र घ्या. चार प्रकारची माणसं आहेत: रानात भटकलेली, कैदेत पडलेली, आजारी, समुद्रात सापडलेली. प्रत्येकाची चाल एकच: संकट काय होतं, आरोळी मारली, देवाने सोडवलं, आता उपकार माना. तीन मिनिटांची साक्ष याच चार टप्प्यांत बसवा. संकटाला एक मिनिट, बाकी दोन मिनिटांत तीन टप्पे. बहुतेक साक्षींत संकट दहा मिनिटं चालतं आणि देव शेवटच्या वाक्यात येतो.

काही गोष्टी टाळा. रकमा सांगू नका, ‘चाळीस लाखांचा फ्लॅट’ ऐकून भाड्याने राहणाऱ्यांना काय वाटतं ते बघा. बरं झाल्याची साक्ष देताना डॉक्टरचं आणि औषधाचं नाव गाळू नका. गाळलं की ऐकणारा एखादा आपल्या गोळ्या थांबवतो. ‘बस दरीत गेली पण आम्ही वाचलो, देव चांगला आहे’ असं म्हणायच्या आधी विचार करा, ज्यांचं माणूस त्याच बसमध्ये होतं ते मागच्या बाकावर बसलेले असू शकतात. अशा वेळी आधी गेलेल्यांसाठी प्रार्थना, मग आपल्या वाचण्याबद्दल हळू आवाजात दोन वाक्यं. पाळकांनी साक्ष आधी ऐकून घ्यावी. आयत्या वेळी ‘कोणाला साक्ष द्यायची आहे?’ असं विचारलं की नेहमीचेच तिघे उठतात.

हिशेबनीस

घरगुती आभारप्रार्थनेबद्दल कोणी बोललं नाही. नोकरी लागली, घर झालं, ऑपरेशन नीट झालं की घरसभा ठेवतात. हल्ली त्या सभेचा लग्नसमारंभच झालाय, मंडप आणि बिर्याणी. लोक उसने पैसे काढून करतात. बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकात, ७ व्या अध्यायात, उपकारस्तुतीच्या यज्ञाचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही असा नियम आहे. एका दिवसात एवढं संपवायचं तर माणसं बोलवावीच लागतात, म्हणजे वाटून खाणं त्यात आलंच. पण चहा-पोह्यांतही ते होतं. पाऊण तास: एक गीत, एक स्तोत्र, घरच्यांपैकी एकाचे चार शब्द, प्रार्थना, चहा. ज्यांच्या हातून मदत झाली त्यांना आवर्जून बोलवा, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. ब्लड बँकेत रक्त द्यायला आलेला शेजारी बाहेर आणि दूरचे पाहुणे आत, असं नको.

आता कापणीचा सण. बऱ्याच ठिकाणी खरीप निघाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतो. गोव्यात नव्या कणसांचा सण ऑगस्टमध्येच सुरू होतो, राय गावात ५ ऑगस्टला. आपल्याकडे पायलीभर ज्वारी, भोपळा, नारळ, अंडी, कोंबडी असं आणतात आणि उपासनेनंतर लिलाव. भांडणं होतात ती लिलावात, म्हणून त्याबद्दल सविस्तर.

घोषणा तीन रविवार आधी. आणलेल्या वस्तूला नंबराची चिठ्ठी, आणणाऱ्याचं नाव नको. गोणी वेदीजवळ न ठेवता भिंतीलगत, नाहीतर प्रभुभोजनाला रांग लागत नाही. कोंबड्या बाहेर सावलीत, पाय सैल बांधून, पाण्याची वाटी ठेवून. आत ठेवल्या तर उपदेश त्याच करतात.

लिलावाआधी एक वाटा बाजूला काढा. लेवीय १९:९-१० मध्ये शेताचा कोपरा कापायचा नाही, सरवा (कापताना गळालेली कणसं) वेचायचा नाही, ते गरिबाला आणि परक्याला ठेवायचं. लिलावात न खपलेलं उरलंसुरलं देणं म्हणजे कोपरा सोडणं नाही. पाचवा हिस्सा, चांगल्यातला, आधीच काढा आणि त्याच संध्याकाळी पोचवा.

लिलावाचा क्रम: पालेभाजी पहिली, मग अंडी, फळं, कोंबड्या, भोपळे-नारळ, धान्य शेवटी. मेथी दोन तास उन्हात राहिली की कोणी घेत नाही. बोली त्या दिवशीच्या मंडईच्या भावापासून सुरू. बोली पुकारणारा कमिटीतला किंवा पाळक नको, म्हणजे दबाव येत नाही. घेतलेली वस्तू परत लिलावाला देण्याची रीत चांगली आहे, पण एका वस्तूला एकदाच. नाहीतर एकच नारळ अर्धा तास फिरतो आणि दोन घरांची इज्जत पणाला लागते. उधारी बंद. रोख किंवा स्कॅन, जागेवर पावती, मोजायला दोघं. पुढच्या रविवारी एकूण रक्कम वाचायची, कोणी किती दिले हे नाही.

शंकासूर

आणि दुष्काळ पडला तर? पीकच नाही, तर सण करायचा कसा?

हिशेबनीस

बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३:१७-१८ वाचायचं. तो आनंदाच्या आधी सहा नुकसानं नावानिशी मोजतो: अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढवाड्यातली मेंढरं, गोठ्यातली गुरं. म्हणजे त्या वर्षी उपासनेत आधी नुकसान वाचून दाखवायचं, गावाप्रमाणे. सोयाबीन करपलं, कांदा सडला, बैल विकला. त्यानंतर ‘तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन’. लिलाव नको. ज्यांची बागायत वाचली किंवा ज्यांचा महिन्याचा पगार आहे त्यांनी द्यायचं, आणि ती रक्कम बियाण्याला किंवा चाऱ्याला, यादी जाहीर न करता. ‘दुष्काळातही वर्गणी भरा’ असा निरोप घरोघरी पाठवलात तर पुढची पाच वर्षं लोक सणाला येणार नाहीत, आणि त्यांचं चुकणारही नाही.

दुबईकर

इथे आमच्या मराठी मंडळीत शेत कोणाचंच नाही. सगळे पगारी. कापणीचा सण करायचा म्हणतोय, पण सुपरमार्केटमधून भोपळा विकत आणून वेदीपुढे ठेवणं नाटकी वाटतं.

हिशेबनीस

भोपळा सोडा. अनुवाद २६ मध्ये देवाला पहिल्या फळांची टोपली द्यायची आहे, आणि तिच्याबरोबर एक निवेदनही आहे: आमचा पूर्वज भटका होता, मिसरात (इजिप्तमध्ये) उपरा म्हणून राहिला, देवाने सोडवलं, आता ही पहिली फळं आणली आहेत. परदेशात राहणाऱ्यांना हे निवेदन सगळ्यात नीट लागू पडतं. ते सगळ्यांनी मिळून वाचा. टोपलीत कोरडा शिधा आणा: तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा, साबण. प्रत्येक कुटुंबाने एकच वस्तू, पण मोठ्या प्रमाणात. सगळ्यांनी सगळं आणलं की तीस प्रकारची अर्धा-अर्धा किलोची पाकिटं होतात आणि वाटताना डोकं फिरतं. वाटप कोणाला आणि कोणामार्फत करायचं हे आधी तिथल्या चर्चच्या ऑफिसशी बोलून ठरवा, कारण तिथे परस्पर निधी गोळा करायला आणि वाटायला कायद्याची बंधनं आहेत. आणि दाराशी दोन तरुण मुलं बसवून पाकिटावरची मुदत तपासून घ्या. संपत आलेलं वेगळं काढून त्याच आठवड्यात द्या.